उष्णतेची लाट व सार्वजनिक आरोग्य

एखाद्या प्रदेशात त्या ऋतूतील सर्वसाधारण तापमानापेक्षा बरेच अधिक तापमान लागोपाठ काही दिवस टिकून राहिले म्हणजे त्या स्थितीस उष्णतेची लाट म्हणतात. भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४०° से. असावे लागते व ते सरासरीपेक्षा ४·५° ते ६·४° से. ने अधिक असल्यास लाट मानतात; फरक याहून अधिक असल्यास ती तीव्र लाट होय. किनारपट्टीसाठी ही मर्यादा ३७° से. व डोंगराळ भागासाठी ३०° से. आहे. प्रत्यक्ष तापमान ४५° से. झाल्यास सरासरीचा विचार न करताही लाट घोषित करता येते.

ही व्याख्या हवामानशास्त्राची आहे. किती अंशांवर माणसे दगावू लागतात, हे तापमापक सांगू शकत नाही. ते गावोगावच्या मृत्युनोंदींतून शोधावे लागते आणि हा शोध घेण्यास फार उशीर झाला. पूर, भूकंप, चक्रीवादळ यांत झालेली पडझड डोळ्यांना दिसते. उष्णतेने दगावलेला माणूस मात्र बहुधा घरात, अंथरुणावर दगावतो आणि त्याच्या मृत्यूची नोंद हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा नुसते वार्धक्य अशी होते. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने उष्णतेच्या लाटांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या न दिसणाऱ्या मृत्यूंची मोजदाद कशी सुरू झाली, याचा इतिहास आहे.

शरीरावरील परिणाम : मानवी शरीराचे आंतरिक तापमान सु. ३७° से. असते व ते अगदी अल्प मर्यादेतच बदलू शकते. हवा त्वचेपेक्षा थंड असेपर्यंत शरीरातील उष्णता सरळ बाहेर जाते. हवा त्वचेहून उष्ण झाली, की घामाचे बाष्पीभवन हाच एक मार्ग उरतो. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर सु. ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर पडते. परंतु हवा दमट असेल, तर घाम वाळत नाही, तो नुसताच ओघळतो. त्वचेकडे अधिक रक्त पोहोचविण्यासाठी हृदयाला जादा काम करावे लागते, घामावाटे पाणी व क्षार जातात, रक्त दाट होते आणि मूत्रपिंडांवर ताण पडतो. आंतरिक तापमान ४०° से. च्या वर जाऊन रुग्णास भ्रम, झटके वा बेशुद्धी आल्यास त्या अवस्थेस उष्माघात म्हणतात. बोलीभाषेतील ‘ऊन लागणे’ या शब्दप्रयोगामुळे मात्र थोडी दिशाभूल होते. पत्र्याच्या खोलीत दिवसभर पडून असलेल्या वृद्धेला ऊन मुळीच लागलेले नसते, तरी तिचा मृत्यू उष्णतेनेच होऊ शकतो. प्रत्यक्ष उष्माघाताने होणारे मृत्यू हे उष्णतेमुळे होणाऱ्या एकूण मृत्यूंचा लहानसा भाग असतात. बहुसंख्य मृत्यू आधीच दुबळ्या झालेल्या हृदयावर, फुप्फुसांवर वा मूत्रपिंडांवर उष्णतेचा भार पडल्याने होतात.

आरंभीचे संशोधन : एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांचे आजार व मृत्यू यांची नोंद लष्करी वैद्यकीय अहवालांत काटेकोरपणे होत असे व त्यांत उष्णतेने आलेल्या झटक्यास स्वतंत्र स्थान असे. त्याच छावणीत राबणाऱ्या भिस्ती, मोतद्दार व हमाल यांची अशी गणना होत नसे. सूर्याचे किरणच मेंदूवर व मज्जारज्जूवर घातक परिणाम करतात, अशी त्या काळच्या डॉक्टरांची समजूत होती. तीमुळे भेंडाची जाड सोला टोपी आणि पाठीच्या कण्यावर बांधावयाची कापडी गादी यांचा प्रसार झाला. ही गादी बांधून घाम काढणाऱ्या सैनिकाला तिचा उपयोग होण्याऐवजी अपायच होत असला पाहिजे.

या विषयाला शास्त्रीय पाया मिळवून देण्याचे श्रेय ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक जॉन स्कॉट हॉल्डेन (१८६०–१९३६) यांच्याकडे जाते. कॉर्नवॉलमधील उष्ण व दमट खाणींचा अभ्यास करून त्यांनी १९०५ साली असे दाखविले, की स्थिर हवेत साध्या तापमापकापेक्षा ओल्या फुग्याच्या तापमापकाचे वाचन निर्णायक ठरते. तापमापकाच्या फुग्याभोवती ओले कापड गुंडाळले म्हणजे बाष्पीभवनाने तो थंड होतो. हवा जितकी कोरडी तितके हे वाचन खाली उतरते. हे वाचन सु. ३१° से. च्या वर गेले, की स्वस्थ बसलेल्या उघड्या अंगाच्या निरोगी माणसाचेही शरीर तापू लागते, असे हॉल्डेन यांना आढळले. पुढे २०१० मध्ये स्टीव्हन शेरवुड व मॅथ्यू ह्यूबर यांनी उष्मागतिकीय विचारावरून मानवी सहनशक्तीची कमाल मर्यादा ३५° से. (ओल्या फुग्याचे तापमान) असल्याचे मांडले. हा आकडा बराच प्रसिद्धी पावला. परंतु अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण स्वयंसेवकांवर केलेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दमट हवेतील ही मर्यादा सु. ३१° से. एवढीच आढळली. शंभरहून अधिक वर्षांनी विज्ञान पुन्हा हॉल्डेन यांच्या खाणीपाशी येऊन पोहोचले, असे म्हणता येईल.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या मरीन दलाच्या पॅरिस आयलंड येथील प्रशिक्षण केंद्रात नवशिक्या सैनिकांना उष्माघात होऊ लागल्याने कॉन्स्टंटिन याग्लू व डेव्हिड मिनार्ड यांनी ओल्या फुग्याचे तापमान, काळ्या गोलातील तापमापकाने दर्शविलेली प्रारणाची उष्णता आणि हवेचे तापमान या तिहींचा मेळ घालणारा निर्देशांक तयार केला (१९५७). त्यात सत्तर टक्के भार ओल्या फुग्याला आहे. कोणत्या निर्देशांकाला कवायत थांबवावयाची, हे त्यावरून ठरू लागले. कामगारांच्या संरक्षणासाठी जगभर जी मानके पुढे झाली, त्यांचा उगम अशा प्रकारे कवायतीच्या मैदानावर आहे.

अतिरिक्त मृत्यूंची कल्पना : इंग्लंडच्या महानोंदणी कार्यालयातील सांख्यिकीविद विल्यम फार (१८०७–८३) यांनी १८४७ च्या इन्फ्ल्यूएंझा साथीचा विचार करताना मृत्यूच्या दाखल्यावरील कारण बाजूस ठेवून एक साधा प्रश्न विचारला : या आठवड्यांत एरवी किती मृत्यू झाले असते आणि प्रत्यक्षात किती झाले? या दोहोंतील फरक म्हणजे अतिरिक्त मृत्यू. डॉक्टर काय लिहितो, पोलीस काय नोंदवितात यांवर ही पद्धत अवलंबून नसते. तिला केवळ प्रेतांची खरी संख्या लागते. उष्णतेच्या बाबतीत तिचे महत्त्व सरकारांच्या लक्षात येण्यास मात्र विसावे शतक संपत यावे लागले.

जुलै १९९५ मध्ये शिकागो शहरात आलेल्या लाटेच्या वेळी कुक परगण्याचे प्रमुख शवपरीक्षक एडमंड डोनॉव्ह्यू यांनी उष्णतेच्या मृत्यूंचा निकष व्यापक ठेवला. मृताचे शरीर अतिशय तापलेले आढळले, किंवा तो राहत होता ती खोली बंद व अतिउष्ण होती, किंवा लाटेच्या ऐन भरात जिवंत दिसलेली व्यक्ती पुढे कुजलेल्या स्थितीत सापडली, तरी तो मृत्यू उष्णतेचा मानावा, असे त्यांनी ठरविले. महापौर रिचर्ड डेली यांनी या गणनेविषयी उघडपणे शंका व्यक्त केली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी डोनॉव्ह्यू यांची पद्धत उचलून धरली, आणि नंतर झालेल्या अभ्यासात अतिरिक्त मृत्यूंची संख्या ७३९ भरली, म्हणजे शवपरीक्षकाची गणना फुगविलेली नसून उलट कमीच होती. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी २००२ मधील आपल्या ग्रंथात दाखविले, की मृतांत एकाकी राहणाऱ्या वृद्धांचा भरणा मोठा होता आणि शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांतही जेथे रस्त्यावर वर्दळ व दुकाने होती, तेथे मृत्यू कमी झाले होते.

ऑगस्ट २००३ मधील पश्चिम यूरोपातील लाटेने या विषयाला राजकीय वजन प्राप्त करून दिले. फ्रान्समध्ये १ ते २० ऑगस्ट या काळात सु. १४,८०० अतिरिक्त मृत्यू झाले. हा सुटीचा महिना असल्याने डॉक्टर, परिचारिका, मंत्री व वृद्धांची मुलेबाळे ही सर्वच मोठ्या प्रमाणात गावाबाहेर होती. पॅरिसमध्ये प्रेते ठेवण्यास जागा पुरेना, तेव्हा रंजिस येथील घाऊक बाजारातील शीतगृहाचा आश्रय घ्यावा लागला. रोगांवर देखरेख ठेवणारी राष्ट्रीय संस्था त्या देशात होती. पण साथीचे रोग टिपण्यासाठी उभारलेल्या त्या यंत्रणेच्या कक्षेत उष्णता बसत नव्हती. आरोग्य महासंचालक ल्यूसियाँ आबनेम यांना राजीनामा द्यावा लागला. २००४ मध्ये राष्ट्रीय उष्णता-योजना लागू झाली. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी नगरपालिकांनी ठेवावी, असे ठरले, आणि वृद्धांच्या सेवेसाठी निधी उभारण्याकरिता वर्षातील सुटीचा एक दिवस कामाचा करण्यात आला. जुलै २००६ मधील लाटेत फ्रान्समध्ये सु. २,००० अतिरिक्त मृत्यू झाले. पूर्वीच्या अनुभवावरून काढलेल्या अपेक्षेपेक्षा ही संख्या सु. ४,४०० ने कमी होती. २००३ च्या उन्हाळ्यातील एकूण यूरोपीय मृत्यूंचा अंदाज सत्तर हजारांच्या वर जातो. योजना झाल्या तरी धोका सरला नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात यूरोपात उष्णतेमुळे साठ हजारांहून अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

भारतातील अनुभव : १९९८ च्या उन्हाळ्यात ओरिसात (ओडिशा) उष्णतेने २,०४२ मृत्यू झाल्याची सरकारी नोंद झाली. या धक्क्यानंतर त्या राज्याने शाळांच्या व मजुरीच्या वेळा बदलणे, पाणपोया व रुग्णालयांत स्वतंत्र खाटा यांची व्यवस्था सुरू केली. २००३ व २०१५ मध्ये आंध्र प्रदेश व परिसरात मोठी प्राणहानी झाली. परंतु ही सर्व गणना उष्माघात असे स्पष्टपणे नोंदविलेल्या मृत्यूंचीच होती. भारतात नोंदणी झालेल्या मृत्यूंपैकी सु. एक पंचमांश मृत्यूंनाच वैद्यकीय कारणाचा दाखला मिळतो. शिवाय अनेक राज्यांत भरपाईसाठी पंचनामा व शवविच्छेदन आवश्यक असते. ज्यांचा अंत्यविधी त्याच दिवशी उरकला, ते मृत्यू हिशेबाबाहेर राहतात. पोलिसांच्या नोंदींवर आधारित राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे आणि आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेचे आकडे एकाच वर्षासाठीही जुळत नाहीत. २०२४ च्या उन्हाळ्यात जूनच्या मध्यापर्यंत उष्माघाताचे चाळीस हजारांहून अधिक संशयित रुग्ण नोंदविले गेले आणि मृत्यू मात्र शंभराच्या थोडे पुढे गेल्याचे मानले गेले. या दोन आकड्यांचे परस्परप्रमाण नोंदणीविषयीच अधिक काही सांगते.

या परिस्थितीत अहमदाबादचे उदाहरण महत्त्वाचे ठरते. मे २०१० मध्ये तेथील तापमान ४६·८° से. पर्यंत चढले. त्या वेळी शहरात किती माणसे गेली, याची कल्पना कोणासही नव्हती. नंतर संशोधकांनी महानगरपालिकेच्या मृत्युनोंदवह्या तपासल्या. त्या एका महिन्यात सर्व कारणांनी मिळून ४,४६२ मृत्यू झाले होते. २००९ व २०११ मधील मे महिन्यांच्या आधारे अपेक्षित संख्या ३,११८ येत होती. म्हणजे अतिरिक्त मृत्यू १,३४४, वाढ ४३ टक्के. फार यांची दीडशे वर्षांपूर्वीची रीत, एका नगरपालिकेचे साधे दप्तर आणि वजाबाकी यांपलीकडे या निष्कर्षाला फारसे काही लागले नाही. इतर अनेक शहरांत असे दप्तर होते. ते कोणी उघडून पाहिले नव्हते.

अहमदाबाद महानगरपालिका, गांधीनगर येथील भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था व अमेरिकेतील नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल यांनी इतर संस्थांच्या सहकार्याने २०१३ मध्ये उष्णता कृती योजना आखली. ती दक्षिण आशियातील अशा प्रकारची पहिली शहर-योजना समजतात. तापमानाच्या पूर्वानुमानावरून पिवळा, नारिंगी व लाल असे इशारे देणे, एका अधिकाऱ्याकडे समन्वय सोपविणे, डॉक्टर व परिचारिका यांना प्रशिक्षण देणे, बर्फाच्या पिशव्यांचा साठा ठेवणे, दुपारी बागा खुल्या ठेवणे व मजुरांना विश्रांती देणे ही तिची प्रमुख अंगे होत. लाल इशाऱ्यासाठी ४५° से. ही मर्यादा ठरविताना शहराच्या स्वतःच्या मृत्युनोंदींचा आधार घेण्यात आला.

तेथील शारदाबेन रुग्णालयात २०१० च्या लाटेत जी गोष्ट आढळली, ती विशेष उद्‌बोधक आहे. नवजात बालकांचा कक्ष इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. उष्णतेमुळे अतिदक्षता विभागात दाखल होणाऱ्या अर्भकांची संख्या वाढली. कक्ष खालच्या मजल्यावर हलविल्यानंतर अशा दाखल्यांत लक्षणीय घट झाली. कमाल तापमान ४२° से. च्या वर गेल्यावर प्रत्येक अंशामागे हे दाखले ४३ टक्क्यांनी वाढतात आणि खालच्या मजल्यामुळे धोका ६४ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध नाही, यंत्र नाही; केवळ मजला बदलला.

योजनेपूर्वीच्या वर्षांशी तुलना करता २०१४ व २०१५ मध्ये दरवर्षी सरासरी १,१९० मृत्यू टळले, असा एका अभ्यासाचा (२०१८) अंदाज आहे. एकाच शहरातील आधीच्या व नंतरच्या वर्षांची ही तुलना असल्याने ती अंतिम मानता येत नाही; तथापि दिशा स्पष्ट आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढल्यानंतर अनेक राज्यांनी व शहरांनी अशा योजना केल्या. दिल्लीतील सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने २०२३ मध्ये ३७ योजना तपासल्या, तेव्हा त्यांपैकी बहुतेकींत धोक्यातील लोक कोण हे निश्चित केलेले नव्हते आणि पैसा कोठून येणार, हे जेमतेम तिहींत सांगितले होते. अहमदाबादचा मसुदा उचलला गेला. त्यामागील मोजणी बहुधा उचलली गेली नाही.

महाराष्ट्र : राज्यात विदर्भ हा उष्णतेचा मुख्य प्रदेश होय. चंद्रपूर, नागपूर, अकोला व वर्धा येथे मे महिन्यात तापमान ४५° से. च्या पुढे जाणे ही नवलाई नाही. तेथील जुन्या जीवनक्रमाने या उष्णतेशी काही प्रमाणात जुळवून घेतले होते : पहाटेची शेतीकामे, दुपारी सामसूम, जाड मातीच्या भिंती, वाळ्याचे पडदे, कैरीचे पन्हे, डोक्याला दुपट्टा. पत्र्याची घरे, डांबरी रस्ते आणि दिवसभराची ठेक्याची मजुरी यांनी हा क्रम मोडला. नागपूर महानगरपालिकेने २०१६ पासून उष्णता कृती योजना राबविली. कोकणपट्टीचा प्रश्न निराळा आहे. तेथे पारा चाळिशीस क्वचितच पोहोचतो, पण आर्द्रतेमुळे घाम वाळत नाही. नवी मुंबईतील खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी भर दुपारी उघड्या मैदानावर झालेल्या शासकीय पुरस्कार समारंभास आलेल्यांपैकी चौदा जण दगावले. विदर्भातील मे महिन्याच्या मानाने त्या दिवशीचे तेथील तापमान बरेच कमी होते. केवळ कोरड्या तापमापकावर विसंबणारी इशारापद्धती किनाऱ्यावर अपुरी पडते, हे या घटनेने दाखवून दिले.

हवामानबदल व धोरण : भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सु. ०·७° से. ने वाढले. हा आकडा लहान दिसतो. परंतु सरासरी थोडी सरकली, की टोकाच्या दिवसांची संख्या कितीतरी पटींनी वाढते. मार्च-एप्रिल २०२२ मध्ये भारत व पाकिस्तानात आलेल्या अकाली लाटेची शक्यता मानवनिर्मित तापमानवाढीमुळे सु. तीसपट वाढली होती, असे वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या संशोधकगटाने काढले. रात्री पुरेशा थंड न होणे हे या वाढीचे एक घातक अंग होय. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरण्याचा अवधीच मिळत नाही.

भारताच्या २००८ च्या राष्ट्रीय हवामानबदल कृती आराखड्यात सौरऊर्जा, पाणी, शेती इत्यादी विषयांवरील आठ अभियाने होती. त्यांत आरोग्याचे अभियान नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१९ मध्ये हवामानबदल व मानवी आरोग्य यांविषयीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी शीतकरणाचा राष्ट्रीय आराखडाही प्रसिद्ध झाला. शीतकरणाच्या बाबतीत आरोग्य आणि हवामान यांची धोरणे एकमेकांना छेद देतात. वातानुकूलन यंत्र आजारी माणसाला वाचविते. पण खोलीतील उष्णता ते गल्लीत सोडते, कोळशावरील विजेची मागणी वाढविते आणि त्यातील प्रशीतक वायू गळल्यास तापमानवाढीस हातभार लावतो. या वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटविण्याचे २०१६ मधील किगाली दुरुस्तीने ठरले. यंत्र ज्याला परवडत नाही, त्याच्या वाट्याला मात्र गल्लीतील उष्णताच येते.

उघड्यावर काम करणाऱ्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमात कामाच्या खोलीतील वायुवीजन व तापमान यांविषयी तरतूद होती. रस्ता खणणारा मजूर, वीटभट्टीवरील कुटुंब किंवा फेरीवाला तिच्या कक्षेबाहेर राहिला. दुपारी काम थांबविले, तर त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून सावलीत बसण्याचा सल्ला त्याला उपयोगी पडत नाही. कतारने २००७ पासून उन्हाळ्यात दुपारच्या कामावर बंदी घातली आणि २०२१ मध्ये याग्लू-मिनार्ड निर्देशांक ३२·१° से. च्या वर गेल्यास काम थांबविणे सक्तीचे केले. तेथील मजुरांत भारतीयांचे प्रमाण मोठे आहे. गुजरातेतील सेवा या स्त्रीकामगार संघटनेने २०२३ पासून आपल्या सदस्यांसाठी उष्णता-विम्याचा प्रयोग केला. तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे काही दिवस टिकले, तर नुकसानीचा पुरावा न मागता विशिष्ट रक्कम देणे, असे त्याचे स्वरूप आहे.

घराच्या छतावर चुना किंवा परावर्तक पांढरा रंग लावण्याचा उपाय सर्वांत स्वस्त आहे. अहमदाबादेतील झोपडवस्त्यांत महिला हाउसिंग ट्रस्ट या संस्थेने तो रुजविला. त्यामुळे खोलीतील तापमान काही अंशांनी उतरते. तेलंगणाने २०२३ मध्ये पाच वर्षांसाठी शीत छत धोरण जाहीर केले व नव्या सरकारी आणि व्यापारी इमारतींना असे छत बंधनकारक केले. लहान घरांना ते ऐच्छिक ठेवण्यात आले.